हुप्पाजीरावांनी वाचवलेलं खारीचं पिल्लू

एका जंगलात, मुलांनो, सगळे जण एकमेकांना मदत करायला टपलेले असत. मदत करायला कुणी सापडलं नाही तर त्यांना दिवस फुकट गेल्यासारखा वाटे.

त्या जंगलात बेहड्याच्या झाडावर तिपरी नावाची खार राहायची. तिला नुकतंच एक पिल्लू झालं होतं. चिंचेच्या बोटुकाएवढं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत.

एके दिवशी सकाळी तिपरी दाणे शोधायला गेली आणि वारा सुटला. घरटं कलंडलं. पिल्लू खाली पाचोळ्यात पडलं. पाचोळा जाड होता म्हणून लागलं काही नाही, पण ते चिरकायला लागलं.

तिपरी परत आली. घरटं रिकामं होतं. तेवढ्यात तिला खालून आवाज आला. ती खोडावरून निम्मी उतरलीसुद्धा. आणखी चार उड्या, पिल्लाला तोंडात धरायचं आणि वर. गोष्ट तिथंच संपली असती आणि तुम्ही खेळायला मोकळे झाला असता.

पण नेमके त्याच वेळी तिथून हुप्पाजीराव वानर चालले होते. त्यांना 'प्राणिमित्र' अशी पदवी होती. ते स्वतः प्राणीच आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नसे.

"अनाथ पिल्लू," हुप्पाजीराव म्हणाले. "कुणीही हात लावू नका." आणि त्यांनी ते उचललं.

"अहो, ते माझं आहे," तिपरी खोडावरून म्हणाली.

"बाई, गर्दी करू नका," हुप्पाजीराव म्हणाले.

तोवर गर्दी झाली नव्हती. मग हुप्पाजीरावांनी टिटवीला हाक मारली आणि झाली. टिटवी जंगलाला बातम्या सांगायची. बातमी काय आहे ते कळायच्या आधीच ती ओरडायला सुरुवात करायची. तिनं जंगलावर दोन घिरट्या घातल्या आणि ससे आले, भेकरं आली, रानडुकरांचं अख्खं कुटुंब आलं. प्रत्येकानं पिल्लाला उचलून पाहिलं. ज्यानं त्यानं खाली ठेवताना सांगितलं की, इतक्या लहान पिल्लाला कुणी हाताळता कामा नये.

ओढ्याकाठच्या कपारीत बचाव केंद्र उघडण्यात आलं. पिल्लू सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्याला मधोमध एका सपाट दगडावर ठेवलं. दगड गार होता, पण उंच होता. दाराशी साळिंदराला बसवलं. तज्ज्ञ म्हणून बगळ्यांना बोलावलं. बगळ्यांनी खारी पाहिलेल्या होत्या, उडता उडता, वरून.

बगळ्यांनी एक डोळा मिटून पिल्लाकडे पाहिलं. मग दुसरा मिटून पाहिलं.

"याला दूध पाहिजे," ते म्हणाले.

"कुणाचं?" हुप्पाजीरावांनी विचारलं.

"ते आमच्या विषयात येत नाही," बगळे म्हणाले आणि ओढ्यावर जेवायला गेले.

दाराबाहेरून तिपरी म्हणाली, "माझ्याकडे दूध आहे. मला आत सोडा."

साळिंदरानं काटे फुलवले. "पिल्लू तुमचं कशावरून?"

"मी त्याची आई आहे."

"असं सगळ्याच म्हणतात. सकाळपासून तीन जणी येऊन गेल्या."

"कोण तिघी?"

"तुम्हीच. तीनदा आलात."

तिपरीनं हात जोडले. "ते मला ओळखतंय का बघा तरी."

"त्याचे डोळे उघडू देत," साळिंदर म्हणालं. "त्यानं ओळखलं की सही करून घेऊन जा."

"डोळे उघडायला अजून दोन आठवडे आहेत. तोवर ते उपाशी कसं राहील?"

"त्यासाठी तर केंद्र काढलंय, बाई."

तिपरी कपारीवरच्या वेलीवर जाऊन बसली. तिथून तिला आपल्या पिल्लाचा आवाज येत होता. ऊन चढत गेलं तसा तो बारीक होत गेला. मग दोन चिरकण्यांमध्ये इतकं अंतर पडायला लागलं की, तिपरी श्वास रोखून पुढच्या चिरकण्याची वाट बघायची.

"पिल्लू शांत झालं," हुप्पाजीराव पाहुण्यांना म्हणाले. "सकाळी कसं रडत होतं. केंद्राचा गुण बघा."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग सगळे पाणवठ्यावर गेले, कारण तिथं हुप्पाजीरावांचा सत्कार होता. साळिंदरही गेलं. हार घालण्याचा मान त्याला होता. हुप्पाजीरावांनी त्याला दोनदा सांगितलं होतं की, हार लांबूनच घाल.

मागे राहिली फक्त धुरपाक्का. धुरपाक्का म्हणजे केंद्र झाडायला ठेवलेली घूस. घूस म्हटलं की तुम्ही नाक मुरडता, ठाऊक आहे मला. जंगलातही मुरडत. तिच्यापाशी पदवी नव्हती. नऊ बाळंतपणं होती.

झाडता झाडता ती दगडापाशी आली आणि पिल्लाला तिनं नाक लावलं. पिल्लू गार पडलं होतं.

धुरपाक्कानं झाडू टाकला. पिल्लाला दगडावरून उतरवून पोटाखाली घेतलं आणि बाहेर बघून म्हणाली, "ए पोरी, तितं बसून काय बगतीस? ये की आत."

"परवानगी नाही," तिपरी म्हणाली. सकाळपासून ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"परवानगी देणारं समदं हार घालाया गेल्यात. हितं मी हाय. ये."

तिपरी एका उडीत आत आली. तिनं पिल्लाला जवळ घेतलं, पण ते तोंडच उघडेना. तिनं चाटलं, नाकानं हलवलं. काही नाही. तिपरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"रडू नगं, तू बी गार पडशील," धुरपाक्का म्हणाली. "आदी ऊब लागू दे त्याला. मग पितंय ते."

दोघी त्याला मधे घेऊन बसल्या. एक घूस आणि एक खार. पाणवठ्यावर हुप्पाजीराव आपल्या बालपणाबद्दल बोलत होते, त्यामुळे वेळ भरपूर होता. बऱ्याच वेळानं पिल्लाचा पाय हलला. मग ते तोंडानं चाचपडायला लागलं. मग प्यायला लागलं आणि सोडीना.

"आता ने," धुरपाक्का म्हणाली. "त्या झाडावर नगं. वड्याच्या पल्याड जांभूळ हाय, तितं जा."

"आक्का, तुम्हाला बोलतील."

"रोजच बोलत्यात. आज कारन मिळंल."

सत्कार आटोपून मंडळी परतली. दगड रिकामा होता. टिटवी ओरडत उडाली की, पिल्लाचं अपहरण झालं. चौकशी बसली. धुरपाक्कानं सरळ सांगितलं, "त्याच्या आईनं नेलं." हुप्पाजीरावांनी लिहून घेतलं: स्वतःला आई म्हणवणाऱ्या एका अज्ञात टोळीनं पिल्लू पळवलं. धुरपाक्काला कामावरून काढलं. तिनं ओढा ओलांडला आणि त्याच जांभळाच्या मुळाशी बीळ खणलं. वरून पिकलेली जांभळं पडत. काही आपोआप पडत, काही तिपरी पाडायची.

तीन आठवड्यांनी शोधपथक जांभळाखाली आलं. पुढे हुप्पाजीराव, मागे साळिंदर. फांदीवर तिपरी बसली होती. शेजारी तिचं पिल्लू शेपूट उडवत एक जांभूळ कुरतडत होतं.

"बाई, एका पिल्लाचा शोध चाललाय," हुप्पाजीराव म्हणाले. "अंगावर केस नाहीत. डोळे मिटलेले. तुमच्या पाहण्यात आलंय?"

तिपरीनं आपल्या पिल्लाकडे पाहिलं. त्याच्या पाठीवर पट्टे उमटले होते आणि काळेभोर डोळे उघडे होते.

"नाही," ती म्हणाली. "असं पिल्लू आमच्याकडे नाही."

"दिसलं तर कळवा. त्याच्या काळजीनं आम्हाला घास जात नाही," हुप्पाजीराव म्हणाले. खाली पडलेली चार जांभळं उचलून तोंडात टाकत ते पुढच्या झाडाकडे गेले. शोध अजून चालू आहे.

तात्पर्य: कुणाला मदत करायची असेल तर आधी त्याच्या आईला तिथून घालवून द्यावं. ती जवळ असली की मदतीला काही वावच राहत नाही.