गोवर्धन, किरकोळ दुरुस्त्यांसह

रावीकाठच्या आमच्या डोंगरी राज्यात लहणू चितारी याने श्रीकृष्ण गोवर्धन उचलतो आहे असे चित्र पूर्ण केले. पसंत पडले तर त्याला दरबारी चितारीपद मिळणार होते, म्हणून चित्र रीतसर तपासणीला ठेवण्यात आले.

"चित्र उत्तम आहे," वजीर म्हणाले. "फक्त हत्तीवर बसून पाऊस पाडणारा हा कोण?"

"इंद्र, हुजूर."

"मिशा बघ त्याच्या! हुबेहूब मुघल सुभेदार. त्याला हरवलेला दाखवतोस? आमची मान उडवशील, बाबा!"

लहणूने इंद्रावर मागच्या आभाळाचाच लाल रंग फिरवला. त्यावर राजपुरोहितांनी मत दिले की, इंद्रावाचून पाऊस शास्त्राला धरून नाही. पाऊस गेला.

कोतवालांना आता वेगळीच शंका आली. "पाऊस नाही, पाणी नाही, मग हे गवळी-गवळणी डोंगराखाली एकमेकांना खेटून का उभे? लोक काय म्हणतील?"

गोकुळ गेले. गायींनाही एकट्याने थांबण्याचे कारण उरले नाही.

सरहद्दीच्या सरदारांनी डोंगर निरखला. "हा शेजारच्या राजाच्या हद्दीतला दिसतो. उचललेला त्याने पाहिला तर लढाई जुंपेल."

"पण सरदारसाहेब, हा गोवर्धन..."

"ते तू त्याला रणांगणात समजाव."

डोंगरही गेला. चित्रात एकटा कृष्ण उरला, करंगळी वर करून. राजेसाहेबांनी बराच वेळ पाहिले.

"लहणू, देवाला बाहेर जायचंय का रे?"

दरबार हसला नाही, कारण राजेसाहेब हसले नव्हते. लहणूने हात जोडले आणि देवावर कुंचला फिरवला.

निव्वळ लाल कागद एकमताने मंजूर झाला. लहणूला शाल मिळाली, पद मिळाले. घरी येताच मात्र त्याने शाल कोपऱ्यात टाकली.

"अहो, एकालाही नाही म्हणाला नाहीत?" बायकोने, सुरमोने, विचारले.

"कुणाला म्हणू? चित्र नको असं कुणीच म्हणालं नाही. ज्याचं त्याचं जरासंच काहीतरी होतं."

सुरमोने शाल उचलून तिची घडी घातली. मग म्हणाली, "तसा तो इंद्र मलाही खटकला होता."

तुम्हीही इथवर वाचलेत. गोष्ट बरी आहे, फक्त देवाच्या बाबतीतले ते एक वाक्य नको होते, असे वाटले ना? संकोच कसला? काढून टाकू.