बिनउंबरठ्याचं घर

आमचा दादा पाहुण्यांना म्हणतो, "झोपाळा आहे, बाजूने या." पाहुणेही खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरतात. झोपाळा असतो कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

निवृत्त झाल्यावर बोळिंजच्या फ्लॅटात बसून दादाने घराचा आराखडा काढायचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि आमच्या उरल्यासुरल्या वाडीत बांधायचं घर आधी पडद्यावर उभं केलं. त्यात केळी मिळेनात म्हणून खजुरी लावल्या. विहीर नव्हती, तर गोल स्विमिंग पूल आवळून बसवला. मी माउसला हात लावला की ओरडायचा, "हळू! भिंत ओली आहे!"

फक्त एकाही दाराला उंबरठा नव्हता. आमच्याकडे उंबरठ्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय सकाळचा चहा उकळत नाही, आणि हा घरातला थोरला!

"दादा, उंबरठा विसरलास."

"सॉफ्टवेअरमध्ये नाही."

"स्विमिंग पुलाची विहीर होते, पायरीचा उंबरठा नाही होत?"

"घर तू बांधतोयस का मी?"

आत्या तर बोललीच, "बिनउंबरठ्याचं म्हणजे गोदाम. तिकडे कामणला, गोदामांच्या रांगेत बांध!"

मीही हसलो. माझ्या घरचं मात्र मी कुणाला सांगत नसे. आज सांगतो. पाठीच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, पायांत जोर उरला नाही. ती चाकाच्या खुर्चीत, आम्ही फुलपाड्याला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुणी विचारलं की "बरी आहे" म्हणायचं आणि विषय बदलायचा. तिला खाली न्यायचं मी टाळत आलो. जिना हे निमित्त. लोक बघतील याचीच मला लाज वाटायची. दादाने कधी काही विचारलं नाही.

वाडीत घर उभं राहिलं. वास्तुशांतीला त्याने चौघे पाठवून तिला खुर्चीसकट उतरवून आणलं. दारात आत्या करंडा घेऊन उभी. "आता कुंकू कुठे वाहू?"

दादा गुडघे धरत खाली बसला. उंबरठ्याच्या जागी त्याने रांगोळीची जाड रेघ ओढली. "इथे वाहा." मग तो बाजूला झाला. "सुनंदा, तुझी तू ये."

ती आली. माझा हात खुर्चीकडे गेला, तसा दादाने तो धरून ठेवला. "झोपाळा आहे, बाजूने ये," एवढंच तिला म्हणाला. स्वयंपाकघरात ओटा तिच्या कोपरांना बरोबर लागला, दिव्याचं बटण हाताशी आलं. तिने दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला.

येईल त्याला मी छाती काढून सांगत होतो, "घर आमच्या दादाने काढलंय."

दारापासून ओट्यापर्यंत चाकांच्या दोन पांढऱ्या-लाल रेघा उमटल्या होत्या. आत्या झाडू घेऊन सरसावली.

"हळू!" दादा ओरडला, "रांगोळी ओली आहे!"