सहा रोबोटांची खांदेमळणी

त्या दिवशी सकाळपासून आभाळ असं गच्च होतं की कोंबड्यांनाही दुपार कधी झाली ते कळलं न्हाई. पाऊस पडत न्हवता, वारा हालत न्हवता, आणि ऊन तर दोन दिवसांपासून बदनापुरात आलंच न्हवतं. अंगाला नुसती चिकचिक. हे आभाळाचं मी आधीच सांगून ठेवतो, कारण दुपारनंतर माझी सगळी अब्रू त्या उन्हावर टांगली गेल्ती.

मी काकासाहेब. शाळेचं तोंड बघितलं न्हाई. (मी सांगतो आणि माझी नात मीना लिहून घेते. ती मधेच हसत बसते, त्यामुळं उशीर होतो. माझी हरकत न्हाई, मला कुठं जायचंय.) सगळी उमर राजूरच्या शिवारात बैलांच्या मागं गेली. चार वर्षांखाली गुडघ्यांनी जवाब दिला. लाल्या आणि कवड्या ही जोडी चांगलं घर बघून दिली, आणि आम्ही नवराबायको पोराकडं राहायला आलो. पोरगा अंगद जालन्याला एमआयडीसीत, लोखंडाच्या कारखान्यात. सकाळी सातला फटफटीवर जातो तो दिवेलागणीला येतो. घरात मी, माझी बायको सगुणाबाई, सून साधना आणि शाळा सुटल्यावर मीना.

आता साधनाचं काम सांगतो. ती खेळण्यांची परीक्षा घेते. फोनपुढं बसायचं, खेळणं हातात धरायचं, आणि ते कसं आहे, किती दिवस टिकेल, घेण्यासारखं आहे का, हे खरं खरं सांगायचं. त्याला रिव्ह्यू म्हणतात. दोन वर्षं ती हे करून राह्यली. आधी शेजारपाजारच्या लेकरांची खेळणी मागून आणायची, तूरडाळीच्या डब्याला फोन टेकवून उभा करायची. लोक हसले. मीही एकदा हसलो होतो, ते तिला माहीत न्हाई. (आता मीनाला माहीत झालं.)

त्या आठवड्यात पहिल्यांदा एका कंपनीनं तिला आपणहून खोका पाठवला. खोक्यात सहा रोबोट. बोटाएवढे, दुधासारखे पांढरेफेक. साधनानं मला समजावून सांगितलं, ते असं की एक सिनेमा आहे लढणाऱ्या रोबोटांचा, आणि एक कार्टून आहे वाजंत्री मांजरांचं. दोन्ही कंपन्यांनी मिळून हा सेट काढला. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. मला लगेच समजलं. सोयरीक. दोन घरं जोडली की दोन्हीकडचे पाहुणे जेवायला येतात. अंग रोबोटाचं, कान मांजराचे, आणि एकेकाच्या हातात एकेक वाद्य. लोक म्हणे असे सेट कपाटात जमवून ठेवतात आणि खेळत न्हाईत. असतात लोक.

पाच वाजता लाईव्ह होतं, म्हणजे साधना इकडं बोलणार आणि लोक त्याच घडीला तिकडं बघणार. कंपनीला पसंत पडलं तर दर महिन्याला खोका. न्हाई पडलं तर हा पहिला तोच शेवटचा. म्हणून ती चार दिवसांपासून धड जेवत न्हवती.

सकाळी तिनं सहाही काढून बघितले, तर ढोलवाल्याचा उजवा खांदा अडकलेला. हात वर जाईना. जोर लावावा तर मोडायची भीती. तिचं तोंड एवढंसं झालं. ढोल वाजवणारा रोबोट ढोलच वाजवत न्हाई म्हटल्यावर दाखवायचं काय? पण गाडीची वेळ झाल्ती. फोनसाठी खरंखुरं स्टँड आणायला तिला जालन्याला जायचं होतं. जाताना मला म्हणाली, "मामा, मांजर येतं, उंदीर येतो. जरा ध्यान ठेवा यांच्याकडं." (आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते.)

मी ध्यान ठेवलं. एक घंटा ठेवलं. मला बसायची सवय आहे. राखणीला बसलो की मी दगडासारखा बसतो, पाखरू अंगावर येऊन बसेल असा.

बसल्या बसल्या त्यांच्याकडं बघत होतो. सहाजण ओळीनं उभे. कान असे ताठ की लांबून शिंगंच. छाती रुंद, खांदे भरलेले. आणि एकाचा खांदा आखडलेला. तेवढ्यात आठवलं, आज कोणता दिवस. उद्या पोळा.

ज्यांच्या घरी कधी बैल न्हवते त्यांना सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा आखडतो. तो गरम पाण्यानं शेकायचा, मंग हळद आणि लोणी लावून हलक्या हातानं मळायचा. मंग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. साठ वर्षं मी हे केलं. बदनापूरला आल्यापासून चार वर्षं त्या दिवशी माझे हात नुसते मांडीवर पडून असतात. त्या दिवशी सगुणाबाई माझ्याशी जास्त बोलत न्हाई. चहा तेवढा एक जास्तीचा देते.

मी आत गेलो आणि तिला लोणी मागितलं.

"कशाला?"

"खांद्याला लावायचंय."

"दुखतो का?"

"आखडलाय."

तिनं वाटीभर लोणी दिलं, वर चमचाभर हळद घातली आणि म्हणाली, चांगलं चोळा, जिरू द्या. (आता तुम्हीच सांगा, यात माझा खोटेपणा कुठं आहे? खांदा कोणाचा, हे तिनं विचारलं न्हाई.)

ढोलवाल्याला फडक्यानं शेकलं. करंगळीनं लोणी लावलं. मळत गेलो, मळत गेलो. वेळ लागला, पण बैलानं आणि रोबोटानं घाई केली तर खांदा सुटत न्हाई. शेवटी बारीक आवाज झाला, टक्. हात वर गेला आणि ढोलावर खाली आला. टक्, टक्. खरं सांगतो, माझ्या डोळ्यात पाणी आलं.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण दावणीतल्या एकाचाच खांदा मळला तर बाकीचे रुसतात. आमच्यात असं कधी केलेलं न्हाई. म्हणून मी राहिलेल्या पाचांचीही खांदेमळणी केली. वाटीतलं उरलं ते अंगावरूनही फिरवलं. मधे मधे कपाळावरचा घाम हातानं पुसत होतो. सगळं झाल्यावर सहाजणांना आवतण दिलं.

मंग चष्मा घातला. सहाच्या सहा पिवळेधमक. हळदीला बसलेल्या नवरदेवांची रांगच.

सगुणाबाई बाहेर आली. आधी रोबोटांकडं बघितलं, मंग माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडायला लागली. "अवं, हे काय केलं?"

"खांदेमळणी."

"सूनबाई आल्यावर तिला काय सांगणार?"

त्याचा मी विचार केला न्हवता. रोबोट घेऊन मोरीत गेलो आणि कपड्याचा साबण लावला. तर ते लाल झाले. पिवळे बरे म्हणायची वेळ आली. हळदीला साबण लागला की लाल होते, हे सगळ्या बायांना माहीत असतं. मला कसं असणार? साठ वर्षं हळदीचे कपडे मी फक्त दोरीवर टाकून दिले, पुढं त्यांचं काय होतं ते विचारलं न्हाई. विसळून विसळून पाणी ओतलं तेव्हा ते पुन्हा पिवळ्यावर आले. बोटं सुरकुतली. माझी. रोबोटांची तशीच होती.

"आता हात लावू नका," सगुणाबाई म्हणाली. "हळदीला ऊनच खातं. उन्हात ठेवा."

ऊन. आभाळाचं मी सुरुवातीलाच सांगितलंय.

मी सुपात सहाजणांना निजवलं आणि गच्चीवर जाऊन बसलो. बारा वाजले, एक वाजला. वर बघावं तर घोंगडी पांघरल्यासारखं आभाळ. शेजारच्या गच्चीवर शिवनारायण शेठ आले. त्यांचं बियाण्याचं दुकान आहे. खापरपणजोबा राजस्थानातून आल्ते, पण बोलायला लागले तर आमच्यापेक्षा जास्त जालन्याचे. सुपाकडं बघून विचारलं, "काकासाहेब, ढगाळात काय वाळवून राह्यले? वड्या?"

"रोबोट."

"बराबर," म्हणाले आणि खाली गेले. मोठा समजूतदार माणूस.

तिकडं खाली सगुणाबाईनं देवापुढं दिवा लावला. मी वरून राजूरच्या गणपतीला हात जोडले. देवा, पाऊस मी तुला पुष्कळदा मागितला. ऊन पहिल्यांदाच मागतो, आणि तेही सुपाएवढंच.

तीनच्या सुमाराला ढग फाटले. बिलकुल सुपाएवढं न्हाई म्हणता येणार, पण गच्चीएवढं ऊन आलं आणि पाऊण घंटा राहिलं. मी दर थोड्या वेळानं सहाजणांना कूस बदलून देत होतो. पाच जणांची हळद बरीच उतरली. ढोलवाल्याला सगळ्यात जास्त मळलं होतं, तो पिवळाच राहिला.

चारच्या गाडीनं साधना आली. स्टँड हातात, चेहऱ्यावर घाम. मी सूप तिच्यापुढं ठेवलं आणि झालं ते सगळं सांगितलं, साबणासकट.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाजेच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "मामा, दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला खोका पाठवला होता."

मी बैल दिले त्या दिवशीसुद्धा मला एवढं वाईट वाटलं न्हवतं. म्हटलं, "साधना, चूक माझी आहे. लोकांना तसंच सांग. माझं नाव घेऊन सांग, म्हातारा येडा आहे म्हणून सांग." आणि ढोलवाल्याला उचलून त्याचा हात हालवून दाखवला. टक्, टक्.

तिनं तो हातात घेतला. एकदा हालवला, दोनदा हालवला. तिसऱ्यांदा तिच्या गालावर खळी पडली. घड्याळाकडं बघून उठली. "टोपी घाला मामा. माझ्या मागं पाटावर बसा. मी विचारल्याशिवाय हालू नका, फोन हालतो." चेहरा धुऊ का म्हणून विचारलं, तर माझ्याकडं बघून म्हणाली, नको, असंच राहू द्या.

मी बसलो, राखणीला बसतो तसा. साधनानं मात्र काहीच लपवलं न्हाई. खोक्यातून आला तेव्हाच खांदा अडकलेला होता, हे सांगितलं. कान आणि डोळे बारीक कामाचे आहेत, हे सांगितलं. मंग हळद, साबण, ऊन. एवढं सोसून डोळ्यांचा रंग उडाला न्हाई म्हणजे छपाई पक्की आहे, पण पांढरा भाग डाग धरतो, तेव्हा हळदीच्या हातापासून जपा. शेवटी मागं वळून म्हणाली, "मामा, तुम्हाला कसे वाटले?"

मी बैल बघतो तसे बघितले होते, तसंच सांगितलं. पाय बारीक आहेत पण उभं राहणं चांगलं. नजर भेदरट न्हाई. खांदा मळला की मोकळा होतो, म्हणजे जात चांगली, मालकानं लक्ष द्यायला पाहिजे. शेपूट न्हाई, तेव्हा माशा कशानं हाकलणार ते कंपनीनं बघावं. मंग रीतीप्रमाणं हात जोडून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

माझ्या मनात ते सहाजण होते. पण ते फोनच्या पुढ्यात उभे होते, त्यामुळं मी म्हटलं ते फोनकडं बघून.

कंपनीच्या बाईचा निरोप अंगद घरी यायच्या आत आला. खांद्याची चूक आमची, खरं बोलल्याबद्दल आभार, पुढच्या महिन्याचा खोका पाठवते, आणि मामांना नमस्कार. साधनानं तो निरोप मला तीनदा वाचून दाखवला. मला वाचता येत न्हाई याचं त्या दिवशी बरं वाटलं. तीनदा ऐकायला तरी मिळालं. रात्री ती दोन भाकरी जेवली. मी मोजल्या. पिवळा ढोलवाला तिनं माझ्या उशाशी ठेवला, म्हणाली, हा तुमच्या दावणीला. जन्मभर मी दुसऱ्याच्या खांद्यावर जू ठेवलं. माझ्या चुकीचं जू मात्र या पोरीनं हसत वाहिलं. देवानं मला द्यायचं काही बाकी ठेवलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पोळा. सहाजणांना पाटावर उभं केलं, पुढं पुरणपोळीचा निवद ठेवला. निवद दाखवून मी डोळे उघडतो तर दारात शिवनारायण शेठ, त्यांची बायको संतोषबाई आणि नाती रितिका, कनिका. सगळे धुतलेल्या कपड्यात. शेठ म्हणाले, तुम्ही काल फोनवर हात जोडून बोलावलं, न्हाई कसं म्हणायचं? सगुणाबाईनं माझ्याकडं जे बघितलं ते मी मीनाला लिहू देत न्हाई. पण तिनं पुन्हा कणीक भिजवली, संतोषबाई लाटायला बसल्या, आणि चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या पोळ्याला पंगत उठली.

हात धुऊन शेठ माझ्याजवळ येऊन बसले. ढोलवाल्याला हातात घेऊन उलटापालटा करून बघितलं, माझ्या कपाळाकडं बघितलं, आणि म्हणाले, "काकासाहेब, काल आमची कनिका शेवटपर्यंत बघत होती. ती विचारत होती, पुढचे सहा तर बराबर हालतात, पण मागं पाटावर बसलेला तो सातवा मोठा पिवळा अगदी शेवटी एकदाच हालला, त्याचा अडकलेला खांदा कंपनी बदलून देते का?"