मी धावले आणि सासूबाई गेल्या

“ताई, शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकंच पळायचं. दम लागला की हळू व्हायचं. मजा त्यातच आहे!”

हे माझ्या धाकट्या जावेचे, नुरझातचे बोल. न मागितलेला सल्ला ती इतक्या गोड आवाजात देते, की रागावण्याचीही सोय राहत नाही! मी हसून मान डोलावली आणि मनात म्हटलं, हळू तू हो. मी अशी पळेन, की सासूबाई तुझं नाव विसरतील!

मी काही भांडखोर बाई नव्हे. पाच वेळची नमाज चुकवत नाही, रोज जपमाळ ओढते, दर गुरुवारी गेलेल्या माणसांच्या नावाने बोरसोक, म्हणजे कणकेच्या पुऱ्या, तळते. पण गेल्या शरदात नुरझात इसिक-कुल तलावाच्या काठी धावण्याच्या शर्यतीत उतरली आणि पदक घेऊन आली. पहिली आली? छे! मागून शोधली असती तर लवकर सापडली असती. शेवटपर्यंत पोचणाऱ्या सगळ्यांनाच पदक होतं! तरी सासूबाईंनी ते मानाच्या भिंतीवर, रजयांच्या उतरंडीच्या वर टांगलं. आणि मी हिवाळेच्या हिवाळे बोटं टोचून घेत शिवलेला लोकरीचा नमदा? तो खाली! पाहुणे माझ्या नमद्यावर बसतात आणि नुरझातच्या पदकाकडे बघतात!

मग मी निश्चय केला. रोज पहाटेची नमाज झाली की धावायचं. सासूबाई धाकट्या लेकाकडे, म्हणजे नुरझातच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. गाय गुराख्याकडे सोडायला त्या उजाडताना फाटकात येतात. त्यांच्या डोळ्यांसमोरून वाऱ्यासारखं जायचं!

नवऱ्याचे जुने बूट चढवले, गडद निळा रुमाल डोक्याला बांधला आणि निघाले. पहिल्या गल्लीत मी घोडी होते. दुसऱ्या गल्लीत म्हैस झाले. कालव्यापाशी पोचेपर्यंत भाता झाले होते, तोही फाटका!

तेवढ्यात गावातली बुर्माखान फाटकापुढे झाडताना दिसली.

“अगं झायनागुल! काय झालं?”

‘व्यायाम’ म्हणायचं होतं हो! पण ‘व्या’पुरतासुद्धा श्वास नव्हता. एक हात छातीवर, वाऱ्याने डोळ्यांतून धारा. दुसऱ्या हाताने मी सासूबाईंच्या घराकडे बोट दाखवलं आणि पुढे धडपडले.

आमच्या गावात पन्नाशीची बाई उजाडताना रडत धावते, ती एकाच कारणासाठी. बुर्माखानने झाडू टाकला आणि सफरचंदांच्या बागांमधून जवळच्या वाटेने निघाली. वाटेत दिसेल त्याला सांगत! मी मात्र कालव्याच्या कडेने, दर झाडाला मिठी मारत.

शेवटचं वळण घेतलं आणि थबकले. अंगण माणसांनी भरलेलं! तोक्तोसून आजोबा काठीवर वाकून हंबरडा फोडत होते, “गेलीस गं वहिनी!” दोघे मातमाचा तंबू उभारायला लाकडं उतरवत होते. एकजण जेवणावळीसाठी कापायला आणलेल्या घोडीच्या फासळ्या चाचपत होता. आतून बायकांनी काढलेले गळे ऐकू येत होते.

या खुदा! मी इथे दिमाख दाखवायला निघाले, आणि सासूबाईंनी तोवरही वाट पाहिली नाही!

आत जाऊन बायकांच्या ओळीत, भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्याच नमद्यावर! आमच्याकडे नुसतं रडून भागत नाही. विलाप तिथल्या तिथे रचून गावा लागतो, आणि कोण कसं गाते ते गाव ऐकतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं,

“धाकटीचं पदक आई, लावलंत भिंतीवरी,
माझा नमदा आई, टाकलात पायातळी!
एकदा म्हणायचंत, मोठी माझी गुणाची,
कुणाच्या तोंडून ऐकू आता ओळ कौतुकाची!”

बायका हुंदक्यांनी गदगदल्या. माझ्या शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. गोठ्याचा वास येत होता आणि रडणं तर सगळ्यांच्या वर! दोन हुंदक्यांच्या मधे मला कोपर बसलं.

“कोण गेलं गं?”

“सासूबाई,” मी डोळ्यांवरचा रुमाल न काढता म्हटलं.

“अरेरे! कुणाची?”

“माझी!”

शेजारचं रडणं एकदम थांबलं. मी रुमाल खाली केला. हातात गाईचं दावं घेऊन सासूबाई बसल्या होत्या!

गाय उधळली म्हणून त्या टेकडीपर्यंत तिच्यामागे गेल्या होत्या. मागच्या दाराने परत येऊन बघतात तो घरात रडारड. आधी रडायचं, चौकशी मागून, ही रीतच. म्हणून बसल्या रडायला!

दारात नुरझात उभी होती. रोजचा लांबचा फेरा पळून आलेली, पण धापबीप काही नाही. अशा वेळीसुद्धा ते माझ्या डोळ्यांत खुपलंच!

जमलेल्यांना चहा पाजला गेला. घोडी तेवढी खुशीत घरी गेली. सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं.

“आई, माफ करा…”

“रचना चांगली होती. पण शेवटच्या ओळीला तुला धाप लागली. नुरझात गुणाची, पण ती विलाप म्हणते तो बातम्या वाचल्यासारखा. माझी खरी वेळ येईल तेव्हा तूच गायचंस. दुसऱ्या कुणाचं मला चालणार नाही. कबूल?”

“कबूल, आई.”

“मग दम वाढव. उद्यापासून नुरझातबरोबर पळ. हळू!”

नमदा भिंतीवर गेला का? नाही! “मग मी बसू कशावर?” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नमाज आटोपून, कडी न वाजवता निघाले. बुर्माखानला मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, सगळे सुखरूप आहेत! नुरझात आमच्या फाटकाशी येऊन थांबली होती. आम्ही हळूहळू निघालो. इतकं हळू, की डोंगरावरचा बर्फ गुलाबी होताना दिसला. आणि खरं सांगते, बरं वाटलं!

कालव्यापाशी ती हळूच म्हणाली, “ताई, काल दारात उभी राहून ऐकलं. सगळ्यांना रडवलंत. मला तर जळायलाच झालं! एखादी ओळ शिकवाल? आत्ताच, पळता पळता?”

“शिकवीन की,” मी म्हटलं. “पण आधी बुर्माखानचं फाटक मागे पडू दे!”