चिमट्यातली चिप

कोपर लागून द्रावणाची बशी कलंडली, तेव्हा तंत्रज्ञ बाईंचे दोन्ही हात काचेच्या बंद पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत होते आणि उजव्या हातातल्या चिमट्यात तीन महिन्यांची मेहनत होती: गॅलियम आर्सेनाइडची नखाएवढी चिप.

ही चिप भलती नाजूक. हवा लागली की तिचा पृष्ठभाग बिघडतो आणि वीज गळायला लागते. म्हणून नायट्रोजन भरलेल्या पेटीत तिला गंधकाच्या द्रावणात बुडवायचं आणि अंगावर चढलेला गंधकाचा अणूभर थर शाबूत आहे तोवर शेजारच्या यंत्रात सरकवून वर पक्का थर द्यायचा. चिप बुडवून झाली होती, पण यंत्र तयार व्हायला अजून चाळीस मिनिटं होती, आणि पेटीत तर सांडून मळलेल्या द्रावणाचं तळं झालेलं. चिप ठेवायला बोटभरही कोरडी जागा नव्हती.

"धरून उभी राहते," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

पाचव्या मिनिटाला नाक खाजायला लागलं. त्यांनी ते काचेवर घासून पाहिलं. काच गुळगुळीत, खाज उलट चेकाळली.

तेवढ्यात संचालक सर आत आले. सोबत पाहुण्या: याच कामात हयात घालवलेल्या, सत्तरीच्या प्राध्यापिका.

"बाई, मॅडमना नमस्कार करा."

"मनातल्या मनात केला, सर."

"अहो, हात बाहेर काढा!"

"चिप पडेल."

"मग ठेवा ना कुठेतरी!"

"कुठे ठेवू, डोक्यावर?" बाईंच्या तोंडून निसटलं. त्यांचं नाक सशासारखं उडत होतं. बाई आपल्याला वेडावतायत असं वाटून सर लालबुंद झाले.

प्राध्यापिकांनी पेटीतलं तळं पाहिलं. चिमटा पाहिला. तो तसूभरही हलत नव्हता. त्यांनी रुमाल काढला आणि शांतपणे बाईंचं नाक खाजवलं.

"इथे?"

"जरा वर... हं! अगदी तिथेच."

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"काय हात आहे हो तुमचा! ऐन तिशीत माझ्या हातून दोन पडल्या होत्या." त्या पलीकडच्या बाजूला गेल्या, तिथल्या मोज्यांत हात घातले आणि आतला दुसरा चिमटा उचलला. "द्या इकडे. पाणी पिऊन या."

"मॅडम, तुमच्या भाषणाला दीडशे लोक थांबलेत!" सर कळवळले.

"थांबू देत. भाषणाला हवा लागली तर ते बिघडत नाही."

बाई पाणी पिऊन परतल्या. चिप होती तिथेच होती. सर मात्र रुमाल घेऊन पाहुण्यांसमोर वाकले होते.

"आणखी डावीकडे," प्राध्यापिका म्हणत होत्या. "नीट खाजवा हो, लाजता काय!"