खंडूरावांच्या नकलेवर काळ्या फितींची स्वारी

शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरे, श्रावणमासी, मौजे भोसरी येथील कारखान्यात एका नकलेपायी जे रण माजले, त्याची हकीकत ऐसी जे, राजश्री खंडूराव, लेथ नंबर सातचे सुभेदार, जेवणाच्या सुट्टीत कँटीनचा दरबार भरवीत, आणि कोकणातल्या फिटरचे हेल काढीत, आणि बायकांची भांडणे वठवीत, आणि गेटावरचे वॉचमन भैरू, जे एका पायाने अधू, त्यांची चाल तर ऐसी चालीत की युनियनचे सेक्रेटरी सोपानराव यांच्या नाकात आमटी जाई. तीन वर्षे हा सिलसिला चालला. भैरूस काय वाटते, हे पुसावे ऐसे कोणाचे मनी आले नाही.

गणपतीत स्टेजवर अर्धा तास मिळावा, हा खंडूरावांचा ध्यास. तो सोपानरावांनी मुक्रर केला, आणि मातोश्री गिरजाबाईंस नाणेकरवाडीहून बघावयास येण्याचा निरोपही गेला.

मग दुर्बुद्धी सुचली. खंडूरावांनी खुद्द सोपानरावांची नक्कल केली. मूठ वळोन "मॅनेजमेंट मुर्दाबाद" ऐसी गर्जना केली, आणि साहेबांची मोटार दिसताच तीच मूठ अलगद उघडोन नमस्कार घातला. सोपानराव लालेलाल! हा समस्त कामगारवर्गाचा अपमान, ऐसा फतवा निघाला, आणि अर्धा तास जप्त जाहला, आणि दुसरे दिवशी दोनशे दंडांवर काळ्या फिती चढल्या, आणि तीन वर्षे पोट धरून हसलेले वीर भावना दुखावल्या म्हणोन उसासे टाकू लागले. आता आईस काय तोंड दाखवावे, हा खंडूरावांस घोर लागला.

ऐसियास सेकंड शिफ्टची फौज अडली. फिती त्यांनीही बांधिल्या, परंतु नक्कल पाहिली नव्हती. ज्योतीराम वेल्डर म्हणाले, "आमी निषेध करतो राव, पन कशाचा, त्ये तरी दावा!" मग हुकूम सुटला की गुन्हेगाराने गेट मीटिंगीत गुन्हा पुन्हा करावा, आणि तो पाहोन सर्वांनी रीतसर चिडावे.

खंडूराव टेबलावर चढले, आणि मूठ वळोन नक्कल आरंभिली. शेजारी सोपानराव मूठ उगारोन सिद्ध. इतक्यात साहेबांची खरीच मोटार गेटात शिरली, आणि सोपानरावांची मूठ आपसूक उघडोन हात जोडले गेले. अगागा! असल आणि नक्कल शेजारी शेजारी नमस्कार घालीत उभी, आणि दोनशे काळ्या फिती हसता हसता भुईवर बसल्या. मग सोपानरावांनी ओशाळोन तह केला की कोणीही कोणाची नक्कल करावी, कोणी रागावू नये, आणि अर्धा तास बहाल.

तहाची शाई ओली असता भैरू पुढे आले आणि म्हणाले, "मंग आता माजी पाळी हाय." आणि त्यांनी खंडूराव उभे केले: फोरमनची टिंगल करणारे खंडूराव ओव्हरटाइमच्या यादीत नाव लागावे म्हणोन त्याच फोरमनच्या स्कूटरची सीट आपल्या रुमालाने पुशीत आहेत. समुदाय कोसळला. खंडूराव ओरडले, "ह्ये न्हाई चालायचं! माजी आई येनार हाय!"

भैरू म्हणाले, "माजी आई रोज मला डबा आणती, खंडू. तीन वर्सं कँटीनच्या खिडकीतनं बघती हाय."

येणेप्रमाणे नकलेचे स्वातंत्र्य महत्प्रयासे हस्तगत जाहले. भावना दुखावल्याचा पहिला अर्ज त्याच दिवशी लेथ नंबर सातवरून दाखल जाहला, आणि अर्जदारास काळी फीत सोपानरावांनी आपल्या दंडाची सोडोन दिली.