दोन माणसांचं काम

त्या रविवारीही ब्रेकमधली हवा काढण्याचं काम रिवाजाप्रमाणे साडेदहाला सुरू झालं. मुलगी गाडीत बसली होती आणि बाबा गाडीखाली होते.

गाडी साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात बनलेली. दोन माणसांची, उघड्या टपाची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं तर आधी तिच्यापुढे नमतं घ्यावं लागे. हॉर्न वाजवला की दिवे मंद होत. इंजिनाखाली तेल ठिबके, त्यासाठी बाबांनी पत्र्याचा ट्रे ठेवला होता. कुणी हळहळलं तर ते सांगत, "ठिबकतंय म्हणजे आत आहे. थांबलं की काळजी करायची." नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले बाबा शिस्तीचे होते. गाडीचे एकेचाळीस भाग त्यांनी घरच्या घरी बदलले होते आणि प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद वहीत होती.

"दाब," खालून आवाज आला.

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

"सोडलं."

सहा वर्षांपूर्वी मुलगी वेगळी राहायला गेली. तेव्हापासून दर रविवारी बापलेकीचं संभाषण हे असं होत असे. ब्रेकमध्ये हवा शिरली की तो स्पंजासारखा मऊ लागतो. मग एकाने आत बसून पायाने दाबायचा आणि दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सैल करून हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. दोन माणसांचं काम. बाबांनी तसं फोनवर कळवलं होतं आणि ती आली होती.

याहून लांबलचक बोलायचा त्या घरात प्रघात नव्हता. मुलगी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. लोकांच्या भावना नीटनेटक्या करून देणं हा तिचा पोटापाण्याचा व्यवसाय होता, स्वतःच्या बाबतीत मात्र ती पान कोरंच ठेवी. एक पाय ब्रेकवर ठेवून ती मांडीवर कादंबरी उघडायची. 'धर' आणि 'सोड' यांच्या फटीत तिने परदेशी घराण्यांच्या चार-चार पिढ्या स्मशानात पोचवल्या होत्या.

"बाबा, दर आठवड्याला हवा शिरते कुठून?"

"जुनी गाडी आहे. श्वास घेते."

तीन चाकं झाली. तिने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहण्याचा आवाज होत नाही, तरी गाडीखाली तो पोचला असावा, कारण बाबा अंग झाडत बाहेर आले.

"एक राहिलं. ते पुढच्या रविवारी. तोवर गाडी हलवायची नाही."

"नाही हलवत," ती म्हणाली आणि खूणपट्टी घालून पुस्तक मिटलं.

मंगळवारी सकाळी, दूध तापत असताना, बाबा गेले. बिछान्यात नाही, गाडीपाशीही नाही. एक बूट पायात होता, दुसरा हातात.

महिनाभराने वाहन कार्यालयाचं पत्र आलं. ते बाबांच्याच नावे होतं. 'महोदय, आपले निधन झाल्याचे समजते. तरी आपण नव्वद दिवसांच्या आत आपले वाहन वारसाच्या नावे करून घ्यावे. अन्यथा सदर वाहन दाबून त्याचा ठोकळा करण्यात येईल व ठोकळा आपणास कळवून नेण्यात येईल. आपल्या उत्तम आरोग्यासाठी शुभेच्छा.'

मुलीला गाडी नको होती. पण गाडीचा ठोकळा झालेला तिला चालणार नव्हता. या दोन गोष्टींचा मेळ तिला घालता येईना, तेव्हा तिने रजा टाकली आणि ती खिडकी क्रमांक चारपुढे जाऊन उभी राहिली.

"गाडी तपासणीला आणा," कारकून म्हणाला.

"तिला ब्रेक लागत नाहीत. एका चाकात हवा आहे."

"मग रस्त्यावर आणू नका. गुन्हा आहे तो."

"दुसऱ्या गाडीने ओढून आणते."

"ओढून आणलेली गाडी आम्ही बेवारस धरतो. आणि बेवारस गाडीला वारस कसा लावणार? तुम्हीच सांगा." तो समजूतदार माणूस होता. दुसऱ्याची अडचण ऐकून घेताना त्याचा चेहरा खरोखर कष्टी होई.

"मग तुम्ही घरी येऊन तपासा."

"येतो ना! पण ती सोय मालकाला इथे येता येत नसेल तरच. येता येतं त्यांना?"

"नाही."

"तात्पुरतं की कायमचं?"

"कायमचं."

"कारण? आजारपण, वार्धक्य की इतर?"

"ते वारले आहेत."

"म्हणजे इतर. बघा, किती सोपं असतं. लोक उगाच आम्हाला नावं ठेवतात." त्याने खूण केली. "फक्त तपासणीच्या वेळी मालक घरी हवेत."

तिने तोंड उघडलं. मागे रांगेत कुणीतरी मुद्दाम खोकलं.

"आता कायमचे असमर्थ आहेत म्हटल्यावर जाणार तरी कुठे?" कारकुनाने स्वतःच तोडगा काढला आणि 'मालक उपस्थित राहतील : होय' इथे शिक्का मारला.

एकोणनव्वदाव्या दिवशी निरीक्षक आले. हसतमुख, टापटीप, हातात फाईल. आईने चहा ठेवला.

"मालक?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," मुलगी म्हणाली.

निरीक्षकांनी फाईल पाहिली. "इथे आहेत असं लिहिलंय. आपण कागदाबाहेर जायला नको." आणि त्यांनी नोंद केली : 'मालक उपस्थित. स्वभावाने शांत. कशासही हरकत घेतली नाही.'

"अगं बाई," आई म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा."

मग वही उघडली गेली. कायद्याच्या दृष्टीने जुन्या गाड्या दोनच जातींच्या असतात. मूळ गाडी हा वारसा, तो जपायचा. बदल केलेली गाडी हा कचरा, त्याचा ठोकळा करायचा. निरीक्षक वाचू लागले. "क्रमांक बारा. डावी सीट दोन इंच उंच केली, हिच्या गुडघ्यांसाठी. क्रमांक सव्वीस. आवाज कमी केला, शेजारचं बाळ दचकतं म्हणून. अहो, कारणांचा रकाना नमुन्यात नाहीच! ही खोडावी लागतील." त्यांनी पट्टी लावून कारणं सरळ रेषेत खोडली. "एकेचाळीस बदल. वाईट वाटतं, पण ही गाडी ती गाडी नाही."

"चालायची तर हीच," आई म्हणाली.

"काकू, माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत. ती वाहन नाही म्हणून घरी आहे. नियम तो नियम."

मुलीने विचारलं, "काहीच मार्ग नाही?"

"आहे की! जनतेच्या आग्रहाखातर गेल्या वर्षीच कलम नऊ आलं. भावनिक मूल्य. वारसाने गाडीसोबत सहाशे तास घालवलेले असले, तर बदल केलेली गाडीही वाचते. भावना मोजायच्या म्हणजे तासच मोजावे लागतात, दुसरं माप खात्याकडे नाही. पुरावा आहे काही?"

पुरावा त्याच वहीत होता, मागच्या बाजूने. दर रविवारी बाबांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'ब्रेक. हवा काढली. अडीच तास. साहाय्यक : कन्या.' असे तीनशे बारा रविवार.

"सातशे ऐंशी!" निरीक्षकांना मनापासून आनंद झाला. "अभिनंदन. आता नुसती गाडी बघतो, की झालं."

ते चटई टाकून गाडीखाली गेले. मग त्यांचं डोकं बाहेर आलं, आणि त्यावरचा आनंद उतरलेला होता.

"क्रमांक एकतीस वाचा जरा."

मुलीने वाचलं. "हवा काढायच्या नळीला एकतर्फी झडप बसवली. हवा बाहेर जाते, परत आत येत नाही." तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

"म्हणजे ही झडप असली की दुसऱ्या माणसाची गरजच नाही. मालक आत बसून स्वतः ब्रेक दाबू शकतात. गेली नऊ वर्षं हे एका माणसाचं काम आहे, ताई. मग सहा वर्षं तुम्ही इथे काय करत होता?"

मुलीने आईकडे पाहिलं. आई चहाच्या कपांकडे पाहत होती.

"आई?"

"मला काय विचारतेस? शनिवारी दुपारी हे खाली उतरायचे. चाकांमागचे स्क्रू सैल करून हवा शिरू द्यायचे आणि पुन्हा घट्ट करायचे. मी म्हटलं, अहो, चांगलं चालतंय ते कशाला बिघडवताय? तर म्हणे, उद्या ती येणार ना. तिला काहीतरी काम नको?"

"मला तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही दोघं कामाशिवाय भेटणारी माणसं. आणि त्यांना वाटायचं, तुला गाड्यांची फार आवड आहे. लोकांना सांगायचे, पोरगी माझ्यावर गेलीय, एक रविवार चुकवत नाही."

निरीक्षकांना गहिवरून आलं. रुमालाने डोळे टिपता टिपताच त्यांनी लिहिलं : 'साहाय्य अनावश्यक. सर्व तास रद्द. भावनिक मूल्य : शून्य.' मग म्हणाले, "उद्या नव्वदावा दिवस. सकाळी गाडी न्यायला ट्रक येईल. चावी मात्र तुमच्याकडेच राहते."

मुलगी गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. इतके दिवस न जुळलेला मेळ आता जुळला होता, आणि आता फक्त रात्र मध्ये होती.

"काहीच नाही करता येणार?" या वेळी तिचा आवाज मुद्रितशोधकाचा नव्हता.

निरीक्षकांनी फाईल उलटीपालटी केली. "एक पोटकलम आहे. नऊ-ब. साहाय्य अनावश्यक असूनही दिलेलं असेल, तर ते का दिलं, याचं वारसाने मालकासमोर तोंडी निवेदन करायचं. पटलं तर सगळे तास परत धरता येतात. गाडी तुमच्या नावावर."

"मालकासमोर?"

"ते उपस्थित आहेत," निरीक्षक नम्रपणे म्हणाले. "मीच नोंद केली आहे."

त्यांनी फाईलमधून त्या निवेदनाचा कोरा नमुना काढला. कागद कडेला पिवळा पडला होता. "खरं तर हा नमुना कुणालाही भरता येतो. गाडी असो वा नसो. माणूस चालता-बोलता असतानाच भरायचा म्हणून काढला होता. फुकट आहे. पन्नास हजार छापले, गोदामात वाळवी खातेय. कार्यालयात याचीच एक खिडकी अशी आहे जिथे रांग नाही. लोक येतात, वाचतात, चांगला आहे म्हणतात, आणि घरी जातात. घाई काय आहे, भरू सवडीने."

"तुम्ही भरलात?" आईने विचारलं.

निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "माझी आई तशी ठणठणीत आहे, काकू," ते म्हणाले. "आहे अजून वेळ."

मुलगी गाडीच्या पुढच्या बाजूला गेली आणि जमिनीवर गुडघे टेकून वाकली. गाडीखाली ट्रे होता, चटई होती, आणि एका माणसाच्या खांद्यांएवढी मोकळी जागा होती.

"बाबा," ती म्हणाली.

"जरा मोठ्याने," निरीक्षक पुटपुटले. "त्यांना ऐकू जायला हवं."

"बाबा, मला गाड्या आवडत नाहीत. कधीच आवडल्या नाहीत. मी दर रविवारी तुमच्यासाठी येत होते."